हात आईचे, आवाज ठेकेदाराचा

अभ्यासकाने माझ्या आईला फसवले. त्यात थोडा दोष माझाही आहे, कारण बोलणी मी केली होती.

अकोल्याजवळची ती काळ्या दगडाची खदान बंद पडून बरीच वर्षे झाली. आईने उमेदीची वर्षे तिथे दगड फोडण्यात घालवली. मी तिथेच गिट्टी फोडत वाढलो. आज माझा स्वतःचा क्रशर आहे. जुन्या खदानींवर फिल्म करायला हा अभ्यासक आला, तेव्हा मी त्याच्याशी खूप घासाघीस केली. आईला न्यायला-आणायला गाडी, डोक्यावर सावली, दुपारी आराम, काम दोनच दिवस. त्याने सगळे मान्य केले आणि पाळलेही. फिल्ममध्ये तिचे नाव हवे, एवढे मागायचे मात्र मला सुचले नाही.

आईने कॅमेऱ्यासमोर दगड ठोकून दाखवला. बद्द वाजला की आत चीर आहे, खणखणीत वाजला की अख्खा आहे, हे तिने दोनदा समजावून सांगितले.

अमरावतीच्या एका कॉलेजात ती फिल्म दाखवली, तेव्हा मी आईला घेऊन गेलो. पडद्यावर आईचे हात आणि आवाज खदानीच्या जुन्या ठेकेदाराचा. तिचे सांगणे अभ्यासकाने त्याच्या तोंडी घातले होते. ठेकेदाराचे नाव पूर्ण, आईच्या चित्राखाली नुसते 'महिला कामगार'. त्या माणसाने उभ्या जन्मात छिन्नी धरली नव्हती.

मी भांडायला उठलो. आईने मला बाही धरून खाली बसवले आणि स्वतः उभी राहिली.

"हात त माहे हायेत, बाप्पा. मंग बोलून कोन राह्यलं?"

लोक हसले. एका विद्यार्थिनीने मात्र फिल्म थांबवायला लावली आणि आवाज बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितली. आई पडद्याशेजारी उभी राहून आपल्याच हातांकडे पाहत बोलत गेली. मध्येच म्हणाली, "इथं मी चुकली व्हती. पाहा, आता टवका उडते."

आणि उडाला.

तेव्हापासून दर रविवारी त्या कॉलेजातली पोरेपोरी खदानीवर येतात. फोटो काढतात, आईचे बोलणे तिच्याच आवाजात टिपून घेतात. परवा त्या विद्यार्थिनीने नुसत्या ठोक्यावरून चीर ओळखली. आई घरी आल्यावर जेवेपर्यंत तेच सांगत होती.

अभ्यासक फोनवर म्हणतो, ठेकेदाराचे बोलणे लोकांना नीट कळते आणि फिल्म आता बदलता येत नाही. का येत नाही? अमरावतीत ती सगळ्यांसमोर बदलली. आईचा आवाज त्याने कुठे ठेवला आहे आणि तो फिल्मवर कधी चढणार, हे त्याने मला सांगू नये. खदानीवर यावे, आईसमोर बसावे आणि तिला उत्तर द्यावे.