घरत सरांचा आजचा वाक्प्रचार

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता किस्से संपले. कसले संपतायत! मुरूडच्या बाजारात एका मेडिकलच्या वर घरत सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. तिथे मी संध्याकाळी शिकवायला जाते आणि रोज एक नवा किस्सा आणि वाढलेलं ब्लडप्रेशर घेऊन घरी येते. किस्सा मैत्रिणींना सांगून टाकता येतो. ब्लडप्रेशर कुणी घेत नाही.

घरत सर तसे माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांच्या डोक्यात एक खूळ बसलंय. त्यांच्या मते इंग्लिश म्हणजे वेळेचे वाक्प्रचार! पुट ऑफ, कॅच अप, रन आउट ऑफ. क्रियापदाला कुठलं शेपूट लावायचं ते कळलं, की माणूस थेट दुबईच्या विमानात बसला म्हणून समजा. म्हणून भिंतीवर भला मोठा तक्ता, आणि दारात नियम. आत येणाऱ्याने पहिलं वाक्य बोलायचं ते आजचा वाक्प्रचार घालूनच. नाही जमलं तर बाहेर उभं राहायचं.

अहो, आमच्याकडे वयाने मोठी माणसं येतात. कुणाची नातवंडं शाळेत जातात. त्यांना जिन्यात उभं करायचं? मी चाळीशीतल्या माणसांना तर सोडाच, चौथीतल्या पोरांनाही कधी बाहेर काढलं नाही.

आणि त्यातच आली नाझनीन. आगरदांड्याची मुलगी, इथल्याच एका छोट्या हॉस्पिटलात नर्स. कतारमधल्या एका हॉस्पिटलासाठी तिने अर्ज केला होता. कागदपत्रं, अनुभव, सगळं पसंत. पण ऑनलाइन मुलाखतीत समोरून प्रश्न आला की हिची वाचाच बसायची. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा बोलावलं होतं आणि एजंटने सांगून टाकलं होतं, हे शेवटचं.

"मॅडम, मला सगळं कळतं," ती मला म्हणाली. "फक्त कुणी माझ्याकडे चुका शोधत बघायला लागलं, की जबान बंद होते."

अशा मुलीला काय हवं? धीर. आणि सरांनी काय दिलं? तक्ता!

* * *

दातारकाकांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत होमस्टे. पाहुण्यांशी इंग्लिशमध्ये दोन शब्द बोलता यावेत म्हणून त्यांनी या वयात क्लास लावला. सरांनी शिकवलेलं 'टेक युअर टाइम' त्यांना फार आवडलं. आवडणारच, अगदी कोकणातल्या यजमानाच्या मनातलं वाक्य ते.

रविवारी सकाळी, खोली सोडायच्या वेळेला, त्यांनी बंगलोरच्या एका जोडप्याला घावणे वाढले आणि हसत म्हणाले, "टेक युअर टाइम."

जोडप्याने घेतला. घावणे खाल्ले, दुपारी जेवले, झोपले आणि उठून चहा मागितला. तोवर पुढचे पाहुणे बॅगा घेऊन अंगणात! काकू काकांशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

काका तणतणत क्लासला आले आणि सगळी हकीकत सरांना ऐकवली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अभिनंदन, काका. म्हणजे समोरच्याला बरोबर समजलं!"

* * *

दामोदर राजपुरीचा. पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतो, एरवी मासेमारी. सरांनी गृहपाठ दिला, गेट अप आणि सेट ऑफ वापरून आपला दिनक्रम लिहा. दामोदरने मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये खरं ते लिहिलं. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, तशी माझी उठायची वेळही सरकते, रोज एक वेळ सांगता येत नाही.

सरांनी ते सगळं लाल पेनाने खोडलं. का, तर तक्त्यात 'गेट अप ॲट सिक्स' आहे. वर त्याला तयार उत्तर पाठ करायला दिलं: मी सहाला उठतो, नऊला ऑफिसला जायला निघतो, संध्याकाळी परत येतो. मी जन्मभर लाल पेन वापरलं, पण माणसाचं खरं आयुष्य खोडून त्याला खोटं लिहून देणारा शिक्षक पहिल्यांदाच पाहिला!

पुढे एकदा होडीत एक गोरा पाहुणा बसला. त्याने सहज विचारलं, तुझा दिवस कसा असतो? दामोदरने हातातलं सुकाणू न सोडता पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. ऑफिसपर्यंत आल्यावर पाहुण्याने घड्याळ पाहिलं, मग चहूकडचं पाणी पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "देन हू इज ड्रायव्हिंग द बोट?"

दामोदर मला येऊन म्हणाला, "मॅडम, त्याचा उत्तर पाठान नव्हता ना."

* * *

क्लासच्या ग्रुपवर रोज सकाळी ठरल्या वेळी आजचा वाक्प्रचार आपोआप येऊन पडतो. सरांनी मोबाईलमध्ये तशी सोयच करून ठेवलीय.

एका सकाळी आमच्या बॅचमधल्या एका मुलीने ग्रुपवर कळवलं, की आजी गेली, दहा वाजता नेणार आहेत. त्याच्या लगेच खाली सरांचा मेसेज: 'आजचा वाक्प्रचार, टाइम इज अप. वाक्यात उपयोग करा.'

बरं, मशीन ते मशीन, त्याला काय कळतंय? पण पाठोपाठ विद्यार्थ्यांची वाक्यं सुरू झाली! आणि सर जागे होऊन प्रत्येकाला अंगठा देत बसले!

मी संतापून ग्रुप सोडला. अर्ध्या तासात सरांनी मला परत आत घेतलं आणि लिहिलं, की मॅडमचं वाक्य राहिलंय.

* * *

त्या दिवशी नाझनीनला यायला उशीर झाला. दिघीहून फेरीबोटीने बाळंतपणाची अडलेली केस आली होती. पोरगी दिवसभर उभी होती, चेहरा उतरलेला. दारात सर.

"व्हाय आर यू लेट? आजचा वाक्प्रचार, हेल्ड अप, म्हणजे अडकून पडणे."

तिने मराठीत सांगायला सुरुवात केली. सर म्हणाले, इंग्लिश. आणि काय सांगू, तिने धीर करून इंग्लिशमध्ये सुरुवात केली! "सर, वन डिलिव्हरी केस केम, बेबी वॉज..."

"हेल्ड अप कुठाय?"

झालं. जबान बंद. दोन जीव वाचवून आलेली मुलगी एका वाक्प्रचारासाठी जिन्यात उभी! मी शिकवणं सोडून बाहेर गेले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. सरांनी दारातून डोकावून मला विचारलं, "मॅडम, तुम्हीपण हेल्ड अप?"

हातातलं डस्टर मी फेकून मारलं नाही, हे केवळ आईवडिलांचे संस्कार.

* * *

मुलाखत क्लासमध्येच घ्यायची, हा सरांचा हट्ट. म्हणे इथे नेट चांगलं आहे. खरं कारण, त्यांना जाहिरातीसाठी रील हवं होतं. नाझनीनने मला सोबत बसायला बोलावलं. तिचे अब्बा खाली मेडिकलच्या पायरीवर तसबीचे मणी ओढत बसले होते.

लॅपटॉपवर दोघं जण. एक गृहस्थ आणि एक वयस्कर मेट्रन, चेहऱ्यानेच कडक. लॅपटॉपच्या मागे घरत सर, भिंतीवरून उतरवलेला तक्ता उभा धरून, हातात पट्टी.

पहिला प्रश्न साधा होता, तुमच्या कामाबद्दल सांगा. नाझनीनने तोंड उघडलं, तेवढ्यात सरांची पट्टी 'कीप अप विथ'वर आपटली. तिची नजर तिकडे गेली आणि शब्द गेले. दुसरा प्रश्न. पट्टी 'कॅच अप ऑन'वर. नाझनीनने ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं. तिसरीही संधी आमच्या डोळ्यांदेखत चालली होती.

मेट्रनने विचारलं, तुमच्यासोबत खोलीत कुणी आहे का?

आणि सर चक्क कॅमेऱ्यासमोर आले! वाकून, हसून, तक्ता काखेत मारून सांगायला लागले, की ही मुलगी फार पंक्चुअल आहे.

नाझनीन उठली. ओढणी सारखी केली. पुढचा आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता. मोठा नाही, चढा नाही, पण ऐकून माझेही पाय आपोआप दाराकडे वळले.

"सर, व्हिजिटिंग टाइम इज ओव्हर. प्लीज वेट आउटसाइड."

सर म्हणाले, "अगं, पण..."

"आउटसाइड, सर." तिने दार उघडून धरलं.

सर गेले. तक्त्यासकट गेले. तिने दार लावलं, परत येऊन खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि मेट्रनला म्हणाली, "सॉरी, मॅडम. नेक्स्ट क्वेश्चन, प्लीज."

मेट्रनने चष्मा काढून पुसला. शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओन्ली वन क्वेश्चन, सिस्टर. हाऊ सून कॅन यू जॉइन?"