भुजंगअण्णांची सोयरीक

भुजंगअण्णा घराला कुलूप लावायचे आणि मग त्या कुलपाला लोंबकळायचे. नुसतं ओढून बघणं त्यांना पुरायचं नाही. दोन्ही पाय भिंतीला टेकवून, धोतराचा सोगा दातांत धरून, सगळं अंग मागे झोकून ते कुलपाची परीक्षा घ्यायचे. एकदा कुलूप शाबूत राहिलं आणि चौकटच त्यांच्याबरोबर रस्त्यावर आली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी बायको म्हणते की चौकट नुसती हलली होती. पण ती तेव्हा माहेरी होती.

बंगळूरच्या पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूर होतं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, असं आम्ही सगळेच सांगायचो. अण्णांचे पूर्वज घोड्याला घाबरून त्याच्या मागून चालत आले असणार. यशवंतपूरच्या रेल्वे मालधक्क्यावर अण्णा कारकून होते. बसमध्ये चढताना एका देवाचं नाव घ्यायचे, उतरताना दुसऱ्याचं. एकावरच भार नको म्हणून. मला ते कानडी थाटात ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. “तम्मा,” ते सांगायचे, “आधी घाबरून घ्यावं. नंतर वेळ मिळत नाही.”

त्यांची बायको सोनाक्का याच्या अगदी उलट. वाघ घरात शिरला असता तर ती म्हणाली असती, “स्वल्प थांब बाबा, फरशी ओली आहे.” अण्णा कामावरून येत ते भीतीची पोतीच घेऊन. साहेब आज बोलला नाही, म्हणजे बदली होणार. सोनाक्का वांगी चिरता चिरता विचारायची, “सरी, बरं. बदली झाली. आणि मग?” मग नव्या गावात पाणी बाधणार. “आणि मग?” मग विषमज्वर. “आणि मग?” असं करत करत अण्णा स्वतःच्या तेराव्यापर्यंत पोचायचे, तिथे भीती संपायची आणि त्यांना भूक लागायची. मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार म्हणजे हेच, रोज संध्याकाळी एक मरण आणि मग गरम जेवण.

आभाळाला, बसला आणि कुलपाला भिणाऱ्या या माणसाला घरातली खरी भीती मात्र सगळ्यात शेवटी कळली. सोनाक्काच्या छातीत गाठ होती आणि ती तिने कित्येक महिने पदराआड ठेवली होती. दुखायला लागलं तेव्हा बोलली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाहिला आणि अण्णांना एकट्याला व्हरांड्यात बोलावलं. त्या काळी असला रोग रोग्याला सांगत नसत. बाईंनी कानडीत सांगितलं की कॅन्सर आहे, स्तन काढावा लागेल, मग यंत्राखाली झोपवून शेक द्यावे लागतील. लवकर केलं तर आशा आहे. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता. सोनाक्का बाकावरून उठली आणि म्हणाली, “मला सांगायचं नाही ना? नका सांगू. तुमचं तोंड वाचता येतं मला.”

घरी आल्यावर तिने सांगून टाकलं की ती कापून घेणार नाही.

आणि इथे आमच्या गल्लीने अण्णांचा घात केला. बायकांच्या पुढारी होत्या अंबक्का. त्यांनी बातमी ऐकली, सोनाक्काला कुंकू लावलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, “भाग्याची गं तू सोना. नवऱ्याच्या मांडीवर, मळवट भरून जाशील. आमच्यासारखीला कधी मिळायचं?” झालं. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणी खण घेऊन येई, कुणी नारळ, कुणी पाया पडून आशीर्वाद मागे. नारळ इतके जमले की वरच्या मजल्यावर जायचा जिना दिसेना. सोनाक्का जन्मात पहिल्यांदा पाटावर बसून पूजा घेत होती. तिला ते आवडलंही असावं. माणसाचंच मन ते. ती म्हणायची, “अर्धी होऊन हळदीकुंकवाला कशी जाऊ? पुरी आहे तोवर पुरी जाते.”

अण्णा माझ्या कट्ट्यावर येऊन बसायचे. कोटाचं एकच बटण फिरवत राहायचे. “मरणाचं कौतुक चाललंय रे तम्मा माझ्या घरात,” ते म्हणाले. “लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी माणसं नव्हती.”

“अण्णा, तुम्ही सोनाक्काला नीट सांगा की.”

“सांगितलं. तुझ्याशिवाय माझं काय होईल म्हणालो. ती म्हणाली, सवय होईल.” मग बटण उलटं फिरवत ते म्हणाले, “पहिल्यांदाच तिने ‘आणि मग?’ विचारलं नाही.”

त्यांनी उपास केले, हाता-पाया पडून झाले. दिवस जात होते, गाठ वाढत होती, आणि अण्णांच्या धोतराला आता कमरेवर टिकायला जागा उरली नव्हती. अशात एके सकाळी ते न्हाऊन, कपाळाला गंध लावून माझ्या दारात उभे राहिले. “चल, सोनाराकडे जायचंय,” म्हणाले. दाराची कडी न ओढताच निघाले. मी चपला पायात सरकवत मागे धावलो.

सोनाराच्या दुकानात गिऱ्हाईकं भरलेली. अण्णा मोठ्याने म्हणाले, “एक टाक घडवायचा आहे. चांदीचा. बाईचा.”

आमच्यात दुसरी बायको करणाऱ्याच्या घरी पहिलीचा असा टाक असतो. पहिली वारली की तिचा चांदीचा छोटा मुखवटा नवी बायको गळ्यात घालते. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला दाखवायचं, गोड केलं तर आधी तिला ठेवायचं.

सोनाराने कान टवकारले. “कोणाचा म्हणालात?”

“आमच्या घरच्यांचा.”

“अय्यो. वहिनी कधी गेल्या?”

“अजून आहे. नाकडोळे बघून घ्या म्हणतो, म्हणजे हुबेहूब होईल.”

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मग सोनाराने अण्णांना ज्या शिव्या दिल्या त्या मराठी, कानडी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांतल्या होत्या, आणि चौथ्या भाषेत जरा अडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. अंबक्का दारातच उभ्या होत्या. सोनाक्का पाटावरून उठलेली, हात कमरेवर.

“काय ऐकते मी?”

अण्णा खांबाला धरून म्हणाले, “मी किती दिवस एकटा राहणार? लोक राहू देणार नाहीत. आनेकलला एक स्थळ आहे.”

“पाहिलीत?”

“पाहिली.”

“कशी आहे?”

“बरी आहे. सारू-भात चांगला करते म्हणतात.”

“तुम्ही एकटे बसने आनेकलला गेलात?”

अण्णांनी मान हलवली. मान कमी आणि बाकीचं अंगच जास्त हललं. घाम कोटातून बाहेर आला होता. सोनाक्का त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता पितळेचं काहीतरी उडणार. मी दाराच्या बाजूला सरकलो. पण तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं.

“कंडक्टरला सुट्टे मागायला मला पुढे करता. आणि स्थळ बघून आलात होय?” ती हळू आवाजात म्हणाली. “भर बाजारात एवढं खोटं बोलताना केवढे भ्याला असाल.”

“फार,” अण्णा म्हणाले. “अजून भितोय.”

“मी गेले तर काय होईल म्हणता?”

“मला भीती वाटेल.”

“आणि मग?”

 तेराव्यापर्यंत सहज पोचणारा माणूस त्या एका शब्दापाशीच थांबला. सोनाक्काने थोडी वाट पाहिली. मग अंबक्कांकडे वळून म्हणाली, “अक्का, नारळ घेऊन जावा. मी इस्पितळात जाते.”

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने मंगळसूत्र काढायला सांगितलं. वाघाला थांबवणारी सोनाक्का तिथे अडली. नवरा समोर जिवंत उभा असताना ते कसं उतरवायचं? नर्स घाई करत होती, स्ट्रेचर ओढणारा जांभया देत होता. अण्णांनी पुढे होऊन ते स्वतः काढलं आणि आपल्या गळ्यात घातलं. “दोघांपैकी कुणाच्या तरी गळ्यात असलं म्हणजे झालं,” ते म्हणाले.

मग ते व्हरांड्यात बसले, काळा कोट, फेटा आणि वर काळे मणी. येणारा जाणारा थांबून बघायचा. एका पोलिसाने तर जवळ येऊन चौकशी केली. अण्णांना काही दिसत नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दरवाजावर नजर लावून ते कोटाचं बटण फिरवत होते. ते तुटून पडलं तरी बोटं फिरतच होती. मी आयुष्यात खूप थापा मारल्यात, पण त्या व्हरांड्यात मला एकही सुचली नाही. मी त्यांना म्हणालो, “अण्णा, काहीतरी बोला.” ते म्हणाले, “आत्ता नको. आधी घाबरून घेतो.”

सोनाक्का वाचली. शेकाने कातडी काळी पडली, हात वर जाईना, पण वाचली. रक्त दिसलं की बेशुद्ध पडणाऱ्या अण्णांनी पट्टी आपणच बदलायचा हट्ट धरला. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टी सोडली आणि पडले; मग उरलेली पट्टी सोनाक्कानेच बांधली आणि त्यांच्या तोंडावर पाणीही तिनेच मारलं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले, आणि नंतर रोज. गल्लीतली रांग मात्र पार ओसरली. मरणाऱ्या सवाष्णीला नारळ होते. वाचलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायचं का, यावरच बायकांची चर्चा व्हायची.

आणि काही वर्षांनी अण्णाच गेले. साधा ताप आला, छातीत उतरला आणि एका दुपारी संपलं. सोनाक्काचं कुंकू पुसलं गेलं. दहाव्यानंतर अंबक्का भेटायला आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. अंबक्कांच्या मनात वाईट काही नव्हतं. खरोखरच्या कळवळ्याने त्या म्हणाल्या, “तेव्हाच गेली असतीस सोना, तर असं पांढरं कपाळ नशिबी आलं नसतं गं.”

सोनाक्का जमिनीकडे बघत होती. अण्णांचा कोट तिच्या मांडीवर होता.

“त्या दुपारी ते फार घाबरले होते अक्का,” ती म्हणाली. “हात सोडत नव्हते. मी नसते तर एकटेच घाबरले असते.”