न आलेला ठसका
चिकूच्या भुकटीचा डबा उघडला की त्या गोड, किंचित करपट वासाने मला समुद्रकाठच्या नरपड गावची आमची पडवी आठवते. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, त्यांची खाट त्या पडवीतच असायची. दूध तेवढं घशाखाली उतरायचं, पण त्यात ही भुकटी घातली की गुठळ्या व्हायच्या आणि त्यांना जीवघेणा ठसका लागायचा. पाणी मारून भुकटीचा रवाळ दाणा केला तर ती दुधात चटकन विरघळते, असं शेजारणीने सांगितलं. सासूबाईंनी ताटात भुकटी पसरली आणि अंगणात सडा घालावा तसं हाताने पाणी शिंपडलं. गोट्याच झाल्या. “आई, सडा नाही घालायचा!” मी म्हटलं. “मग तूच कर,” त्या फणकारल्या. मी इस्त्रीसाठीची फवाऱ्याची बाटली आणली, पण समुद्रावरच्या वाऱ्याने तुषार भलतीकडेच उडाले. शेवटी मागच्या खोलीत दार लावून त्या ताट हलवत राहिल्या आणि मी लांबून, धुकं उतरावं तसं पाणी सोडत राहिले. बारीक दाणा जमला. वाळवून दुधात घातला, तर ढवळताच विरला. सासऱ्यांनी अख्खा पेला संपवला. आम्ही दोघी ठसक्याची वाट बघत उभ्या होतो, तो आलाच नाही. आता सासू-सासरे दोघंही नाहीत. तरी डबा उघडला की ठसका येतो का म्हणून मी क्षणभर त्या पडवीकडे कान लावते.