माफ किया बोल

झरी गावातल्या आमच्या घरातून अब्बांचा जनाजा उचलायच्या आधी बायकांनी अम्मीला धरून त्यांच्यापाशी आणलं. आमच्याकडं रीतच आहे, मय्यत दाराबाहेर जायच्या आधी बायकोनं नवऱ्याला सगळं माफ केल्याचं तोंडानं म्हणायचं. अब्बांची बहीण, माझी फुफी, अम्मीच्या कानाशी लागली, "माफ किया बोल."

वाकडं जुळलेलं मनगट पदराखाली धरून अम्मी अब्बांच्या तोंडाकडं बघत राहिली. अब्बांनी तो हात मोडला तेव्हा ह्याच बाया भिंतीपलीकडून ऐकत होत्या. एकीनंही दार वाजवलं नव्हतं. आता मात्र सगळ्यांना घाई!

लहानपणी कुराण शिकवताना मौलाना सांगायचे, नमाज चुकली तर अल्ला माफ करील. पण माणसावर केलेला जुलूम ज्याच्यावर झाला त्यानंच माफ करायचा. मला तेव्हा वाटायचं, एवढा मोठा अल्ला, त्याला काय अवघड आहे?

"अल्ला रहीम है, वो भी माफ करता," फुफी रडत ओरडली. "तू कौन होती?"

"हात मेरा तोडा था," अम्मी म्हणाली. "अल्ला का नै."

बाहेर पुरुष खोळंबले होते. जनाजा तसाच न्यावा लागला.