दादाच्या तीन शर्यती

दादा जॉकी होता हे आमच्या गावात निम्म्या लोकांना माहीतच नाही. मिल्ट्रीत आहे म्हणजे बंदूक घेऊन उभा असेल, एवढंच त्यांना वाटतं! पण माझा सख्खा मोठा भाऊ घोड्यांच्या युनिटला होता आणि तिथं तो भरधाव घोडा कुंपणांवरून उडवायच्या शर्यती पळायचा. तीनच पळला.

त्याला निवडलं ते अंगानं हलका आणि जनावराला न भिणारा म्हणून. भिणार कुठनं? लोणंदजवळच्या आमच्या गावात आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला मिसरूड फुटायच्या आधीच शर्यतीच्या छकड्यावर चढवलेलं. आमच्याकडं बैल पळवायचे म्हणजे नुसता कासरा धरून भागत नाही. निशाण जवळ आलं की हाकणाऱ्यानं पोटातून आरोळी ठोकायची, बैल त्या आवाजावर सुटतात. दादाची आरोळी तर लय भारी, पार ओढ्यापलीकडं ऐकू यायची.

घोड्याचं बरोबर उलटं. त्याला शिकवणारे उस्ताद रोज बजावायचे, कुंपणासमोर गप बसायचं, घोडी आपली पावलं आपण मोजते. पहिल्या शर्यतीत दादा चौथा आला, दुसरीत दुसरा! व्हिडिओ बघून मी घरभर नाचले होते.

तिसरीचा व्हिडिओ आलाच नाही, फोन आला. शेवटच्या कुंपणावर दादाची घोडी पडली. दादाचा खांदा निखळला, घोडीचा पुढचा पाय मोडला. असा पाय मोडला की घोड्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतात, हे मला तेव्हा कळलं. जमीन ओली होती, पाय घसरला, असं सगळे म्हणाले. उस्तादांनी तर दादासाठी दुसरा घोडा ठेवला, बरा होऊन ये म्हणाले.

दादा सुट्टीवर आला, हात गळ्यात बांधलेला. जेवताना एक शब्द नाही. आबांना राहवेना, त्यांना आपलं त्याला खुलवायचं होतं.

"काय रं गड्या, मिल्ट्रीनं तुझं त्वांड शिवलं व्हय? आरं, एक आरोळी हाणायची हुतीस. गेली असती घोडी वरनं, पाखरागत!"

दादानं हातातला घास ताटात ठेवला.

"हाणली हुती, आबा."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"बाजूला दुसरा घोडा आला, म्होरं निशाण दिसलं. त्वांड कवा उघडलं, मलाच कळलं न्हाई. ती दचकली, एक पाऊल आधीच उडाली."

"कुणी ऐकलं का रं?" आबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तिनं ऐकलं की."

दुसऱ्या दिवशी दादानं आमच्यासमोरच उस्तादांना फोन लावून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "गलती सबसे होती है. घोड़ा तैयार है, आ जा." मी मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण! दादानं नाही सांगितलं. ऐन वेळी तोंड बंद राहीलच याची मला खात्री नाही साहेब, म्हणाला, आणि त्यापायी आणखी एक जनावर घालवायचं नाही.

परत गेल्यावर त्यानं तबेल्याची ड्यूटी मागून घेतली. त्याच्यासाठी ठेवलेला घोडा आता दुसरा जवान उडवतो. दादा त्या घोड्याला रोज खरारा करतो, शर्यतीच्या सकाळी त्याचे पाय चोळून देतो. मैदानावर मात्र जात नाही. घोडा चालत परत येईपर्यंत तबेल्याच्या दारात उभा राहतो.