तंजावरचं हवाई दल आणि सेतुरावांचा हिरवा

चार शहाणी माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसून नसलेल्या देशाची विमानं बनवायला लागली, की किस्से आपोआप साठतात. विमानांची निदान धूळ पुसावी लागते. किस्से आपले वापरून वापरूनच चकचकीत राहतात.

टेबल माझं, चेन्नईत वेलचेरीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधलं. मी मूळचा कोल्हापूरचा, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. देवधर संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, खोटं बोलायची सवय नसलेले. वैष्णवी वरच्या मजल्यावरची, आयटीतली. विमानांवरची चिन्हं ती कॉम्प्युटरवर काढते आणि त्यांचे स्टिकर छापते. आणि सेतुराव, तिरुवल्लिकेणीचे, बँकेतून निवृत्त. त्यांचं मराठी तंजावरचं. म्हणजे आपण ‘मी केलं’ म्हणतो तिथे ते ‘मी केलों’ म्हणतात.

देशाची कल्पना त्यांचीच. समजा, तंजावरचं मराठी राज्य खालसा झालंच नाही. पुढे सगळी संस्थानं विलीन झाली, तेव्हाही हे फुटून निघालं आणि आजवर टिकलं. मग त्याचं हवाई दल कसं दिसेल? बाजारातून प्लॅस्टिकच्या विमानांचे किट आणायचे, थोडी कापाकापी करायची आणि त्यांना तंजावरचे रंग द्यायचे. रंगाचं खातं सेतुरावांकडे, कारण त्यांच्यासारखा स्थिर हात आमच्यात कुणाचा नाही.

*

सुरुवातीलाच मी एका विमानाची शेपटी उलटी चिकटवली. देवधरांनी पट्टी लावली, चष्मा वर केला आणि हे विमान उडणार नाही असा निकाल दिला. डिंक वाळलेला, आता काढायला गेलं तर मोडणार.

सेतुरावांनी विमान हातात घेऊन फिरवून पाहिलं. म्हणाले, “सरि, बरें. असलं एकच बांधले, मग बंद केले.”

त्या दिवसापासून आमच्या देशात चुका होत नाहीत. जे होतं तो इतिहास असतो.

*

पंखावरच्या चिन्हाचा वाद तीन रविवार चालला. मला भगवा गोल हवा होता, वैष्णवीला मान डोलावणारी तंजावरची बाहुली. सेतुरावांचा हट्ट एकच, की तंजावरच्या चित्रांत असतो तसा सोन्याचा वर्ख लावायचा.

देवधरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उन्हात हे विमान कोसावरून चमकेल, शत्रूला आधीच दिसेल, लपायचं कसं, वगैरे.

“दिसूं दे की,” सेतुराव म्हणाले. “हात जोडून जाईल.”

वर्ख लागला. देवधर आजही त्या विमानाकडे पाठ करून बसतात.

*

मग प्रश्न आला शत्रूचा. हवाई दल आहे म्हटल्यावर शत्रू पाहिजेच. पुदुच्चेरीचं नाव निघालं, तर ते वैष्णवीचं सासर. तिरुच्चीला सेतुरावांच्या कमलाबाईंचं माहेर. बेंगळुरूला देवधरांची लेक नुकतीच फ्लॅट घेऊन राहिलेली. जिथे बॉम्ब टाकावा तिथे कुणाचे ना कुणाचे व्याही निघत होते.

शेवटी डासांवर एकमत झालं. धूर सोडणारं बॉम्बर तयार झालं आणि वैष्णवीनं त्याच्या नाकाडावर मारलेल्या डासांची रांग छापली. चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं ते निरखून पाहिलं. बाकीची राहू द्या, हे एवढं खरं बनवा, म्हणाली.

*

रंगांची गोष्ट मात्र नाजूक. सेतुरावांनी एकदा अख्खी स्क्वाड्रन भाताच्या शेतांवर दिसू नये म्हणून हिरवी रंगवली. आम्ही पाहिली तर ती विटकरी. देवधर तोंड उघडणार एवढ्यात वैष्णवी सेतुरावांच्याच बोलीत म्हणाली, “ज्या वर्षी कावेरीला पाणी सोडले नाहींत, तेव्हांचं विमान हे.” इतिहास मंजूर झाला आणि सेतुराव खुशीत दुसऱ्या पंखाकडे वळले.

पुढे कमलाबाईंनीच आम्हाला घरी जेवायला बोलावून, नवरा ताक आणायला गेला तेवढ्यात, सगळं सांगितलं. सेतुरावांना तांबडं-हिरवं वेगळं दिसतच नाही. बाजारातून टोमॅटो आणले तर निम्मे कच्चे. तरुणपणी एअर फोर्सच्या भरतीला गेले होते, डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. घरी सांगितलं, उंची कमी पडली. सेतुराव सहा फूट आहेत.

“मला ठाऊक अहे हे त्यांस ठाऊक नाहीं,” बाई म्हणाल्या. “रंगवूं दे त्यांस. कोणी कांही म्हटले तर ब्रश खालीं ठेवतील, मग पुन्हा हातांत घेणार नाहींत.”

तेव्हापासून आम्ही तिघे वेड पांघरून पेडगावला गेलो. देवधरांना हे फार जड गेलं. निळ्याऐवजी जांभळं झालेलं समुद्री विमान पाहून ते उठून गॅलरीत जायचे आणि डोकं शांत करून परत यायचे. पण बोलले नाहीत. मला तेव्हा त्या माणसाबद्दल फार प्रेम वाटलं.

*

वेलचेरीत पाणी शिरलं तेव्हा बायको तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होती आणि मी हवाई दल. दोघांना मिळून स्टूल एकच. आधी विमानं गेली.

संध्याकाळी भूक लागली. तांदूळ भिजलेला. बायको शांतपणे म्हणाली, “तंजावरला भात भरपूर पिकतो ना? आज तिकडेच जेवा.”

*

आणि मग मराठी मंडळाच्या हॉलमधलं छंदांचं प्रदर्शन. भरतकाम आणि जुन्या नाण्यांच्या मध्ये आमचं टेबल. सेतुराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विमानांमागे ताठ उभे, बाजूला कमलाबाई. पाहुणे म्हणून हवाई दलातून निवृत्त झालेले एक मराठी अधिकारी आले होते. प्रत्येक टेबलाशी दोन मिनिटं थांबत होते, आमच्याशी मात्र रेंगाळले.

वर्ख पाहून हसले. डासांवर खूश झाले. मग विटकरी स्क्वाड्रनपाशी वाकले आणि हा रंग कुठल्या प्रदेशासाठी, असं विचारलं. वैष्णवीनं घाईघाईनं कावेरीचं पाणी काढलं. ते मान हलवत पुढच्या विमानाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. वैमानिकाचाच डोळा तो.

“हे सगळं रंगवलंय कुणी?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आम्ही सगळ्यांनी. वैष्णवी म्हणाली, प्रिंटरची शाई बिघडली होती. देवधरांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं असावं. ते पुढे झाले, लाल झाले आणि रंग मीच दिलेत, असं म्हणाले. कमलाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“नक्को देवधर,” सेतुराव म्हणाले. “मीच रंगवलों. मला तांबडं-हिरवं एकच दिसतें.”

कमलाबाईंची मूठ सुटली. आम्ही तिघे जमिनीकडे बघत राहिलो.

सेतुरावांचं ताठ उभं राहणं पाहून अधिकाऱ्यांना ते आपल्याच दलातले वाटले असावेत. ते हळूच म्हणाले, “मग तुम्हाला एअर फोर्सनं घेतलं कसं?”

“घेतले नाहींत ते,” सेतुराव म्हणाले. “मग वेगळा देश काढलों.”