पडद्यावरची राख

आमच्या घरात कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी पुसायची. तांब्या, चष्मा, मोबाइल, देव्हाऱ्यातले देवसुद्धा. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची वीटभट्टी घराला लागूनच होती. विटांत कालवायची राख ट्रकनं यायची आणि वारा सुटला की निम्मी आमच्या ताटात. त्याच राखेवर मी खगोलशास्त्र शिकले आणि त्याच राखेनं अण्णांची फुप्फुसं खाल्ली. बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मला बाजूला घेतलं. म्हणाले, "घरी न्या. जवळ राहा."

म्हणून लॅपटॉप घेऊन मी गावी आले. विश्वातल्या पहिल्या आकाशगंगा कशा घडल्या असतील, ते संगणकावर घडवून बघायचं, हे माझं काम. गणित पुण्यातल्या एका मोठ्या यंत्रावर चालू असायचं आणि मी रोज सकाळी इथं त्याचं चित्र उघडायची. अण्णा नाकाला ऑक्सिजनची नळी लावून खाटेवर बसलेले असत. पहिल्याच दिवशी त्यांनी ते करडं, ठिपक्याठिपक्यांचं चित्र पाहिलं आणि उपरण्याच्या टोकानं पडदा खसाखसा पुसला.

"राख न्हाई ती अण्णा, वायू हाय. अजून गोळा व्हायचाय."

"मंग आकाशगंगा कवा व्हनार?"

त्यांनी तो ध्यासच घेतला. पहिली आकाशगंगा बघायची आणि मगच जायचं. रोज विचारायचे, "आज कुटवर आलं?" आणि नेमकं तेव्हाच काम रेंगाळायला लागलं. वायू दाटत गेला की गणिताला फार बारीक पावलं टाकावी लागतात. इकडे अण्णा दोन शब्दांच्या मध्ये श्वासासाठी थांबत होते. मला त्या यंत्राचा असा संताप यायचा की समोरचा लॅपटॉपच उचलून आपटावासा वाटे.

शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, पावलं मोठी करते. चित्र जरा चुकीचं यील, पर तुमाला बगायला मिळंल."

ते हसले. त्या हसण्यानं उठलेला खोकला थांबायला बराच वेळ लागला.

"भट्टी घाईनं उगडली... की इटा कच्च्या निगत्यात. कच्चं... न्हाई बगायचं मला."

मी कशाला हात लावला नाही. त्याच आठवड्यात, भर दुपारी, आईच्या हातचं पाणी पिता पिता अण्णा गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्याच्या मधोमध एक पांढुरका डाग होता. सवयीनं ओढणीनं पुसला. गेला नाही. पुन्हा जोरानं पुसला, तरी तो तिथंच.

"अण्णा, आली बगा!" मी मोठ्यानं ओरडले.

आई आतून धावत आली आणि खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली.